मक्याचा पर्याय आणि गोव्याचा कोंबडीपालक

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कोंबडीपालकाने गेल्या दोन-तीन वर्षांत मक्याच्या भावाची दोन्ही टोके पाहिली. 2024 मध्ये मका इतका महागला की, एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताला तो म्यानमार आणि युक्रेनमधून आणावा लागला. पुढच्याच वर्षी, 2025 च्या नोव्हेंबरात, शेजारच्या कर्नाटकात मक्याचा भाव क्विंटलला 1600 ते 1800 रुपयांपर्यंत कोसळला. 2400 रुपयांच्या हमीभावासाठी तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना थेट पंतप्रधानांना पत्र लिहावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी 2026 मध्ये भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त निवेदनात पशुखाद्यासाठीच्या लाल ज्वारीवरील आणि इथेनॉल कारखान्यांतून उरणाऱ्या सुक्या चोथ्यावरील आयात शुल्क कमी करण्याचा उल्लेख आला. त्यामुळे कोंबडीच्या खाद्यात मक्याऐवजी दुसरे धान्य घालता येईल का, हा एरवी पशुवैद्यकीय महाविद्यालयांपुरता मर्यादित असलेला प्रश्न आता धोरणाच्या आणि बाजाराच्या चर्चेत आला आहे.

गोव्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. राज्यात खपणाऱ्या कोंबड्यांपैकी मोठा वाटा बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या बाजूंनी येतो. राज्यात ज्या कोंबड्या वाढतात त्यांचे खाद्यही घाट चढून-उतरून किंवा पत्रादेवीच्या नाक्यावरूनच येते. कोंबडीच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साधारण 65 ते 70 टक्के असतो आणि खाद्यात निम्म्याहून अधिक भाग एकट्या मक्याचा असतो. म्हणजे दावणगेरे किंवा सांगलीच्या बाजार समितीत मका वर-खाली झाला की त्याचा धक्का पेडण्याच्या शेडपर्यंत पोहोचतो. हा धक्का पर्यायी धान्यांनी सौम्य करता येतो, हे खरे. परंतु त्यासाठी गोव्याने काय पेरावे, यापेक्षा खाद्य कोण मोजतो, कोण तपासतो आणि त्यातील तोटा कोणाच्या खात्यात जातो, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

मका कोणाचा?

मक्याच्या भावातील अस्थिरतेचे मूळ शेतात जितके आहे, तितकेच पेट्रोल पंपावर आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी 2030 साठी ठरले होते. 2022 मध्ये जैवइंधन धोरणात दुरुस्ती करून ते 2025-26 वर आणले गेले. सुरुवातीला हे इथेनॉल प्रामुख्याने उसापासून येत होते. डिसेंबर 2023 मध्ये साखरेची टंचाई टाळण्यासाठी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घातले आणि मोर्चा धान्याकडे वळला. मक्यापासून बनलेल्या इथेनॉलला लिटरमागे 71.86 रुपये असा चढा दर मिळू लागला. एक टन मक्यापासून साधारण 380 लिटर इथेनॉल निघते. या हिशेबाने कारखानदाराला मक्यासाठी जी किंमत परवडते, ती कोंबडीपालकाला परवडेलच असे नाही.

जो मका वर्षानुवर्षे प्रामुख्याने कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जात होता, त्याला एकाएकी सरकारी दराचे पाठबळ असलेला दुसरा गिऱ्हाईक मिळाला. जनुकीय बदल केलेला मका आयात करण्यास भारतात परवानगी नाही, त्यामुळे जगाच्या बाजारातील स्वस्त मकाही सहज आत येत नाही. पुढे चित्र पुन्हा पालटले. मक्याचे पीक वाढले, केंद्राने अन्न महामंडळाच्या साठ्यातील 52 लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलमागे 2250 रुपयांनी दिला आणि मक्याचे भाव खाली आले. जो मका वर्षभरापूर्वी कोंबडीपालकाला रडवत होता, तोच आता मका पिकवणाऱ्याला रडवू लागला.

यातून निघणारा बोध साधा आहे. मका महाग आहे म्हणून पर्याय शोधायचा, ही मांडणी अपुरी ठरते. कारण तो पुढच्या हंगामात स्वस्तही होऊ शकतो. खरी अडचण एकाच धान्यावरील अवलंबित्वाची आहे. ज्याच्या सूत्रात मक्यावाचून दुसरे काही बसतच नाही, त्याला बाजार सांगेल तो भाव द्यावा लागतो. ज्याला कणी, बाजरी किंवा ज्वारी यांपैकी जे त्या महिन्यात स्वस्त असेल ते काही प्रमाणात वापरता येते, त्याच्या हातात थोडी का होईना, घासाघीस करण्याची ताकद राहते.

एका कोंबडीचे गणित

ब्रॉयलर कोंबडी पाच ते सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो वजनाची होते. एक किलो वजन वाढण्यासाठी किती किलो खाद्य लागले, यावरून धंद्याची नाडी समजते. व्यवसायात त्याला एफसीआर म्हणतात. हे गुणोत्तर 1.65 धरले तर दोन किलोच्या कोंबडीला 3.3 किलो खाद्य लागते. त्यात 60 टक्के धान्य असेल तर जवळजवळ दोन किलो धान्य एका कोंबडीच्या पोटात जाते. म्हणजे बाजारातील एक किलो जिवंत कोंबडीमागे साधारण एक किलो मका उभा असतो. हजार कोंबड्यांच्या एका बॅचला सव्वातीन टनांहून थोडे अधिक खाद्य आणि दोन टन धान्य लागते. वर्षाला सहा बॅच निघाल्या तर धान्याची गरज 12 टनांवर जाते.

आता समजा, कणी मक्यापेक्षा किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळाली आणि दर 100 किलो खाद्यात 20 किलो मक्याच्या जागी 20 किलो कणी घातली. 100 किलोमागे 40 रुपये, म्हणजे खाद्याच्या किलोमागे 40 पैसे वाचले. एका कोंबडीमागे ही बचत एक रुपया 32 पैसे होते. हजार कोंबड्यांच्या बॅचला 1320 रुपये. छोट्या शेतकऱ्याला ही रक्कम अगदीच नगण्य नाही.

परंतु खाद्याचा समतोल थोडा चुकला आणि गुणोत्तर 1.65 वरून 1.70 वर गेले, तर प्रत्येक कोंबडी 100 ग्रॅम खाद्य जास्त खाते. खाद्याचा भाव किलोला 40 रुपये धरल्यास हा जादा खर्च कोंबडीमागे चार रुपये, म्हणजे हजारामागे चार हजार रुपये होतो. जे 1320 रुपये वाचवायला निघाले, त्यासाठी 4000 रुपये गेले. गुणोत्तरातील पाच शतांशांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. कोंबड्या धडधाकट असतात, मरतुक वाढलेली नसते, फक्त हिशेबाच्या शेवटी पैसे कमी पडतात. पर्यायी धान्यांचा विषय हा असा पातळ धारेवर उभा आहे. स्वस्त धान्य आणि स्वस्त कोंबडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणत्या धान्याचे काय?

मका कोंबडीच्या खाद्यात राजा ठरला तो त्यातील ऊर्जेमुळे. त्याचा स्टार्च सहज पचतो, चार टक्क्यांच्या आसपास तेल असते, तंतुमय भाग कमी असतो आणि पिवळ्या रंगद्रव्यामुळे कातडीला व अंड्याच्या बलकाला रंग येतो. प्रथिने मात्र 8-9 टक्केच. ती कसर सोयापेंडीने भरून काढली जाते. मका आणि सोया ही जोडी आजच्या ब्रॉयलर धंद्याचा पाया आहे. पण ती दैवी योजना नव्हे. युरोप आणि कॅनडात कोंबड्या मोठ्या प्रमाणात गव्हावर वाढतात, ऑस्ट्रेलियात गहू आणि ज्वारीवर. जिथे जे धान्य मुबलक, तिथे ते कोंबडीच्या ताटात गेले आहे.

भारतात मक्याला सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे तांदळाची कणी. तिचा स्टार्च उत्तम पचतो, तंतू नगण्य असतात. तेल मात्र जवळजवळ नसते आणि रंगद्रव्यही नसते. त्यामुळे कणी वाढवली की खाद्यात तेल थोडे वाढवावे लागते. कातडी फिकट पडते, परंतु आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक कोंबडी कातडी काढूनच घेतो. अंड्यांच्या धंद्यात हा रंगाचा मुद्दा मोठा ठरतो. मांसाच्या धंद्यात तो तितका अडत नाही. कणीची खरी अडचण तिच्या भावाची आहे. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्राने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा देशातील पशुखाद्य आणि इथेनॉलसाठी ती पुरावी, हा एक हेतू होता. मार्च 2025 मध्ये बंदी उठली. म्हणजे कणीलाही आता निर्यातदार आणि इथेनॉल कारखाना असे दोन तगडे प्रतिस्पर्धी आहेत.

बाजरीत प्रथिने 11-12 टक्के, म्हणजे मक्यापेक्षा जास्त, आणि तेलही मक्यापेक्षा किंचित अधिक असते. ऊर्जा मक्याच्या थोडी खाली राहते. प्रथिने जास्त असल्यामुळे सोयापेंडीत थोडी बचत होते. त्यामुळे बाजरीची तुलना केवळ मक्याच्या भावाशी करून चालत नाही. मका आणि सोया या दोहोंच्या एकत्रित भावाशी करावी लागते. दाणा लहान असल्याने काही प्रमाणात ती न भरडताही देता येते. नाशिक, अहिल्यानगर, बीडपासून सांगलीच्या जत-आटपाडीपर्यंतचा आणि उत्तर कर्नाटकाचा कोरडा पट्टा बाजरी पिकवतो. गोव्याला मका जिथून येतो, त्याच दिशेने बाजरीही येऊ शकते.

ज्वारी ऊर्जेच्या बाबतीत मक्याच्या अगदी लगतची. तिच्यावर एक जुना डाग आहे तो टॅनिन या तुरट द्रव्याचा. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते आणि पिल्लांची वाढ खुंटवते. आपल्याकडील खाण्याच्या पांढऱ्या ज्वारीत ते अत्यल्प असते. लाल दाणा म्हणजे टॅनिन असणारच, हाही गैरसमज आहे. अमेरिकेत पिकणारी बहुतेक लाल ज्वारी टॅनिनविरहित असते. म्हणून रंग पाहून निर्णय घेण्यापेक्षा तपासणी करून घेणे शहाणपणाचे. आपल्या खाण्याच्या ज्वारीचा दुसरा अडथळा किमतीचा आहे. 2025-26 च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3699 रुपये, बाजरीचा 2775, नाचणीचा 4886 आणि मक्याचा 2400 रुपये आहे. बाजारभाव हमीभावाच्या वर-खाली होतात, तरी धान्यांची आपसांतील उतरंड यावरून कळते. पावसात भिजून काळी पडलेली, माणसांच्या खाण्यास न चालणारी ज्वारी एरवी स्वस्त मिळते. पण तिच्यात बुरशीचे विष असण्याची शक्यताही तितकीच जास्त असते.

नाचणीचे नाव 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून सर्वत्र घेतले जाते. कोंबडीच्या खाद्याच्या दृष्टीने मात्र तिचा विचार सोडून द्यावा हे बरे. मक्याच्या दुप्पट भावाचे, कमी ऊर्जेचे धान्य ब्रॉयलरला घालण्यात अर्थ नाही. आणि जे धान्य माणसाच्या ताटात परत आणण्यासाठी सरकार धडपडते आहे, ते कोंबडीच्या भांड्यात ओतणे विसंगत ठरेल.

गव्हाबद्दल एक सावधगिरी गोव्याने विशेष लक्षात घ्यावी. गहू आणि जव यांतील काही घटक कोंबडीच्या आतड्यात चिकट होतात. विष्ठा पातळ होते आणि शेडमधील तुसाची गादी ओली राहते. युरोपात यावर विकरे, म्हणजे एन्झाइम, मिसळून उपाय केला जातो. जून ते सप्टेंबर या काळात गोव्याची हवा मुळातच ओलसर असते. त्यात गादी ओली राहिली की अमोनिया वाढतो, डोळे आणि श्वसनाचे विकार येतात, पायांना जखमा होतात. बाजरी, ज्वारी आणि कणी यांत हा दोष फारसा नाही, ही त्यांची जमेची बाजू.

गोव्याचे स्वतःचे धान्य पुरेल का?

1 ऑक्टोबर 2020 पासून राज्यात ‘स्वयंपूर्ण गोवा’ची घोषणा आहे. तिचा आधार घेऊन कोंबडीचे खाद्यही गोव्यातच पिकवावे, असा विचार सहज सुचतो. तिळारी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली आणि बार्देश या तालुक्यांना मिळते. पडीक शेते आहेत. मग मका किंवा ज्वारी का लावू नये?

हिशेब मांडला की उत्साह ओसरतो. राज्याचे मुख्य पीक भात आहे आणि भाताचा उपपदार्थ कणी. एक हेक्टरात चार टन भात आले आणि त्यातून 2.7 टन तांदूळ निघाला, त्यात 10 टक्के कणी धरली, तर हेक्टरमागे 270 किलो कणी मिळते. हजार कोंबड्यांच्या एका शेडला लागणाऱ्या धान्यापैकी एक तृतीयांश भाग कणीने भागवायचा म्हटले, तर वर्षाला चार टन कणी हवी. म्हणजे एका छोट्या शेडमागे 15 हेक्टर भातशेती. त्यातही गोव्याचा माणूस प्रामुख्याने उकडा तांदूळ खातो. भात उकडल्याने दाणा कठीण होतो आणि गिरणीत कमी तुटतो. ज्या गुणासाठी उकडा तांदूळ घराघरांत जपला जातो, त्याच गुणामुळे गोव्याच्या गिरणीत कणी कमी पडते. सुरय तांदळातून कणी अधिक मिळेल, पण कोंबडीसाठी माणसाने आपले जेवण बदलावे, असे कोणी म्हणणार नाही.

मक्याचे गणितही वेगळे नाही. किलोला 20-22 रुपयांनी विकले जाणारे धान्य गोव्यातील मजुरीच्या दरात आणि तुकड्यातुकड्यांच्या जमिनीत पिकवण्यापेक्षा त्याच पाण्यावर भाजीपाला, कलिंगड, अळसांदे घेणे शेतकऱ्याला अधिक परवडते. डिचोलीत खाणींच्या गाळाने नापीक झालेल्या शेतांचा प्रश्न वेगळाच आहे. पेडण्यात मोपा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाल्यावर जमिनीच्या किमतींनी शेतीच्या उत्पन्नाशी असलेले नातेच तोडले आहे. तेथे मक्याचे शेत टिकवण्याचा आग्रह धरणे म्हणजे वाऱ्यावर वरात काढणे होय. पूर्वी डोंगरउतारांवर कुमेरी पद्धतीने नाचणी, वरी पिकत असे. तो काळही आता परतणारा नाही.

म्हणून गोव्याच्या दृष्टीने पर्यायी धान्य हा पिकवण्याचा नव्हे, शहाणपणाने विकत घेण्याचा विषय आहे. स्वयंपूर्णतेचा अर्थ प्रत्येक दाणा इथेच उगवणे असा घेतला तर कोंबडीपालन बंद करावे लागेल. पिल्लू बाहेरचे, खाद्य बाहेरचे, औषध बाहेरचे आणि शेड तेवढी गोव्याची, या स्थितीत राज्याच्या हाती जे येते ते श्रमाचे आणि देखरेखीचे मोल. ते मोल तरी पुरते मिळावे, हा धोरणाचा किमान हेतू असायला हवा.

निर्णय एकाचा, तोटा दुसऱ्याचा

ब्रॉयलर धंदा आज बहुतांशी करार पद्धतीने चालतो. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवते. शेड, पाणी, वीज, तूस आणि मजुरी शेतकऱ्याची. कोंबड्या उचलताना वजनाप्रमाणे किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. खाद्य कमी लागले तर बक्षीस, जास्त लागले तर कपात. मक्याच्या आणि कोंबडीच्या भावाची जोखीम कंपनी घेते, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर खाणकाम थांबले, तेव्हा डिचोलीतील अनेक घरांचे उत्पन्न एका रात्रीत आटले. अशा घराला भांडवलाचा मोठा बोजा न घेता सुरू करता येणारा जोडधंदा म्हणून करारावरचे कोंबडीपालन आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे.

पर्यायी धान्यांनी मात्र या करारातील एक फट उघडी पडते. गोणीत मका किती, कणी किती, इथेनॉल कारखान्याचा चोथा किती, हे ठरवते कंपनी. त्या बदलाने खाद्य स्वस्त झाले तर फायदा कंपनीचा. त्याच बदलाने गुणोत्तर पाच शतांशांनी बिघडले तर ते शेतकऱ्याच्या देखरेखीतील दोष म्हणून त्याच्या मोबदल्यातून कापले जाण्याचा धोका राहतो. आपण नीट काळजी घेतली की नाही, याचाच त्याला संभ्रम पडतो. कारण गोणीत काय बदलले, हे त्याला ठाऊकच नसते.

इथेनॉलच्या चोथ्याचे उदाहरण यासाठी बोलके आहे. मक्यातून स्टार्च काढून घेतल्यावर उरलेला सुका चोथा डीडीजीएस या नावाने विकला जातो. मक्याच्या चोथ्यात प्रथिने 26 ते 30 टक्के असतात, तांदळाच्या चोथ्यात त्याहूनही जास्त, आणि तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. परंतु स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या भागात मूळ धान्यातील बुरशीचे विष सुमारे तिप्पट दाट होते. मका थोडा सदोष असेल तर चोथा चांगलाच सदोष ठरतो. ब्रॉयलरच्या पिल्लांचे यकृत अफ्लाटॉक्सिनला फार नाजूक असते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 1374 या कोंबडी खाद्याच्या मानकात अफ्लाटॉक्सिन बी-1 ची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम आणि ओलाव्याची मर्यादा 11 टक्के आहे. गोव्याच्या पावसाळ्यात कारखान्यातून 11 टक्के ओलाव्याने निघालेली गोणी शेडच्या कोपऱ्यात, फरशीवर, भिंतीला टेकून आठ-दहा दिवस पडली की तो आकडा कागदावरच राहतो.

स्वतंत्रपणे कोंबड्या वाढवणाऱ्याची अडचण उलट आहे. निर्णय त्याचा, पण साधने नाहीत. कणी स्वस्त मिळाली म्हणून त्याने तयार खाद्यात ती घरच्या घरी मिसळली तर ऊर्जा टिकते, पण प्रथिने, लायसिन, मिथिओनिन, जीवनसत्त्वे सारीच पातळ होतात. गावठी कोंबडीला अंगणात भात, कोंडा, कणी टाकली की ती उरलेले किडे-मुंग्या आणि पाल्यातून मिळवते आणि आठ महिन्यांत का होईना, वाढते. ब्रॉयलरला ती मुभा नाही. 38-40 दिवसांत दोन किलो होण्यासाठी घडवलेल्या या पक्ष्याला एक आठवडाही असंतुलित खाद्य चालत नाही. विशेषतः पहिल्या 10-12 दिवसांत.

राज्याला काय करता येईल?

या विषयात राज्याने करण्यासारखी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. पहिले काम तपासणीचे. खाद्याच्या गोणीतील ओलावा, प्रथिने आणि अफ्लाटॉक्सिन यांची चाचणी उत्तर गोव्यात, माफक शुल्कात आणि दोन-तीन दिवसांत करून मिळाली पाहिजे. कोंबडीची बॅच सहा आठवड्यांत संपते. अहवाल महिन्याने आला तर तो शवविच्छेदनाचा ठरतो.

दुसरे काम स्थानिक प्रयोगांचे. इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आणि हैदराबादचे कुक्कुट संशोधन संचालनालय येथे बाजरी, ज्वारी आणि इतर धान्यांवर काम झाले आहे. जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि तिच्याच आवारात उत्तर गोव्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. त्या निष्कर्षांची गोव्याच्या ऑगस्टमधील दमट हवेत, पेडणे-डिचोलीतील सामान्य पत्र्याच्या शेडमध्ये पडताळणी झाली, तर शेतकऱ्याला ‘एक तृतीयांश मक्याच्या जागी बाजरी घातल्यास पावसाळ्यात एवढा फरक पडतो’ असे ठाम उत्तर देता येईल. आज तो व्यापाऱ्याच्या शब्दावर चालतो.

तिसरे काम साठवणुकीचे आणि एकत्रित खरेदीचे. दहा स्वतंत्र कोंबडीपालक एकत्र आले तर त्यांना महिन्याला ट्रकभर धान्य लागते आणि ट्रकभर घेणाऱ्याला भाव विचारण्याचा अधिकार मिळतो. सुगीच्या काळात बाजरी किंवा मका स्वस्त असतो, पण ओलाव्यापासून सुरक्षित गोदाम नसेल तर तो जूनच्या आधी संपवावा लागतो. दूध उत्पादकांच्या सहकारातून गोव्याने पशुखाद्याचा व्यवहार केलेला आहे. त्या अनुभवातील बरे-वाईट धडे घेऊन कोंबडीपालकांसाठी छोटे कोरडे गोदाम आणि ओलावामापक यंत्र उभे करणे अशक्य नाही.

चौथे काम कराराच्या पारदर्शकतेचे, आणि तेच सर्वांत अवघड. खाद्याच्या प्रत्येक गोणीवर घटकांचे ढोबळ प्रमाण, उत्पादनाची तारीख आणि ओलावा लिहिलेला असावा. खाद्याचे सूत्र लक्षणीयरीत्या बदलले तर त्या बॅचसाठी गुणोत्तराची अपेक्षाही बदलावी आणि वादाच्या वेळी तपासता यावा म्हणून प्रत्येक खेपेचा सीलबंद नमुना शेतकऱ्याकडे राहावा. पशुसंवर्धन खाते शेड उभारण्यासाठी किंवा इतर कारणांसाठी ज्यांना साहाय्य देते, त्यांच्या करारात एवढ्या अटी असाव्यात, असा आग्रह ते नक्कीच धरू शकते. यात कंपनीचेही नुकसान नाही. ज्या शेतकऱ्याला खाद्य बदलल्याचे ठाऊक असते, तो पाणी, तापमान आणि गादी यांकडे अधिक लक्ष देतो.

लाल ज्वारी समुद्रापलीकडून आली किंवा न आली, कर्नाटकातला मका पुन्हा महागला किंवा आणखी उतरला, तरी कोंबडीच्या भांड्यातले धान्य यापुढे सतत बदलत राहणार, हे आता नक्की झाले आहे. इंधन, निर्यात आणि व्यापार करार हे तिन्ही त्या भांड्यात हात घालू लागले आहेत. त्या बदलाचा लाभ मोठ्या खरेदीदाराला आपोआप मिळेल. त्याच्याकडे प्रयोगशाळा, पोषणतज्ज्ञ आणि गोदामे आहेत. पेडणे-डिचोलीच्या हजार-दोन हजार कोंबड्यांच्या पालकाकडे यांपैकी काही नाही. ते त्याला मिळवून दिले नाही, तर पर्यायी धान्ये येतील, खाद्य स्वस्त होईल, बाजारात कोंबडीही कदाचित स्वस्त होईल, आणि तरीही त्याच्या वहीत बॅचच्या शेवटी चार हजार रुपये कमीच पडलेले असतील.